पोटखराबा

बँकेत बावीस वर्षं माझ्या टेबलावर सातबारे येत राहिले. खरिपाच्या तोंडावर तर इतके, की उतारा समोर आला की हात आपसूक एका रकान्याकडे जायचा. एकूण क्षेत्र १.६२ हेक्टर, त्यात पोटखराबा ०.११. तो ०.११ पेन्सिलीनं गोल करायचा, वजा करायचा आणि उरलेल्या १.५१ ला पिकाचा हेक्टरी कर्जदर लावायचा. पोटखराब्यावर सरकार सारा घेत नाही आणि बँक पैसा देत नाही. खडक, खड्डा, खळं, गोठा हे वर्ग ‘अ’मध्ये. रस्ता, नाला, तलाव, स्मशान अशी सगळ्यांच्या वापराची जागा वर्ग ‘ब’मध्ये. बाकी शेत चांगलं, फक्त पोटात एवढं खराब आहे, असा त्या शब्दाचा रोख.

वरचे आकडे मनानं घातलेले नाहीत. ते आमच्याच वावराचे आहेत.

वावर नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या पुढं, काटोल रोडवरून पांदणीनं आत. चार एकर. त्यातले अकरा आर, म्हणजे पाव एकराहून जरासं जास्त, नाल्याच्या अंगाला. तिथं काळ्या दगडाचं एक टेकाड होतं, एक मोह, एक उंबर, चारसहा पळस, नाल्यात शिंदी, आणि मधल्या जागेत बोराटी-भराटीचा असा गुंता की ढोरंसुद्धा कडेकडेनं चरायची. पावसाळ्यात कंबरभर तरोटा. आम्हा पोरांना तिकडे जायची मनाई होती, कारण विंचूकाटा. म्हणजे अर्थातच आम्ही तिथंच असायचो.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मृग लागून चारदोन दिवस झालेले, पहिला पाऊस पडून गेलेला. संध्याकाळी बाबा पऱ्हाटीच्या पेरणीचं बघायला निघाले आणि मी मागं लागले. नाल्याजवळ शिट्टी ऐकू आली. दोन सुरांची, पहिला वर चढणारा आणि दुसरा खाली सोडून दिलेला. कुणी माणूसच हाक मारतोय असं वाटलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि बोराटीच्या बुडाशी बोट केलं.

तिथं एक पक्षी पालापाचोळा उलटत होता. मैनेपेक्षा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, पोट पिवळट, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीखाली कुंकवासारखं लाल, आणि पंख जरा हलला की त्यात निळं चमकायचं. चोचीनं पान उचलून बाजूला फेकायचा, मान वाकडी करून खालच्या ओल्या मातीकडे बघायचा, दोन उड्या पुढं जायचा. एकदा त्यानं गांडूळ धरलं. ते रबरासारखं ताणलं गेलं, ताणलं गेलं आणि एकदम सुटलं, तसा तो स्वतःच मागं कोलमडला. मी हसले. तो गेला.

‘दरसाल येते हा,’ बाबा म्हणाले. ‘पाण्यासंगं येते अन् पाणी सरलं की जाते.’ नाव त्यांना माहीत नव्हतं. ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, नवरंग. हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, पावसाच्या आगेमागे मध्य भारतात येतो, जमिनीवर नाहीतर खालच्या फांदीवर काड्यापानांचा गोळा करून घरटं बांधतो. पहाटे आणि दिवेलागणीला बोलतो. तमिळमध्ये त्याचं एक नाव ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं आहे. आमच्या वावरातही त्याची शिट्टी साधारण सहालाच व्हायची आणि आई चूल पेटवायला उठायची.

आता जे लिहायचं आहे ते माझंच केलेलं आहे.

२०१३ साली दादानं संत्र्याचा बगीचा वाढवायचा ठरवला. पोटखराबा सपाट करायची कल्पना त्याची, पण हिशेब माझा. जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या कॅल्क्युलेटरवर केला. सहा बाय सहा मीटरवर कलमा लावल्या तर अकरा आरात तीसेक झाडं बसतात. पाचव्या-सहाव्या वर्षी फळं धरतील, आंबिया बहाराचा भाव अमुक, जेसीबीचं तासाचं भाडं तमुक. ‘वायाच जाऊन राहिली ना ती जागा,’ दादा म्हणाला. मी म्हटलं, हो ना.

मोह आम्ही तोडला नाही. तो आदल्या उन्हाळ्यातच गेला होता. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात, गवत-काडी जळून जावी म्हणून. त्या मोहाला बुंध्यात ढोली होती. पोकळ झाडात विस्तव शिरला की ते झाड चुलीच्या धुराड्यासारखं वर ओढ घेतं. बाहेरून हिरवंगार दिसणारा मोह दोन दिवस आतून धुमसला आणि तिसऱ्या दिवशी आडवा झाला. उंबराला मात्र आईनं हात लावू दिला नाही. दत्ताचं झाड आहे, म्हणाली, तुमच्या तीस संत्र्यांपायी मी पाप घेणार नाही. जेसीबीवाल्यानं दोन दिवसांत बाकीचं सगळं उपटलं आणि टेकाडही बरंचसं फोडलं. एका कोपऱ्यातला दगड काही हलला नाही. बकेटचा दात तुटला तेव्हा त्यानं तो सोडून दिला.

पुढच्या जूनला नवरंग आला नाही, असं लिहिलं तर गोष्टीला बरी कलाटणी मिळेल. खरं असं की मला कळलंच नाही. तेव्हा मी वावरात जायचे ती दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला. दोन-तीन वर्षांनी आईच्या आजारपणात जूनमध्ये पंधरा दिवस तिथं राहिले, तेव्हा एका संध्याकाळी आईनंच विचारलं, ‘तो शिट्टीवाला बोलत नाही काय अता?’

त्यानंतर मी वही करायला लागले. कोणता पक्षी, कुठं, कशावर, एवढंच. शास्त्रीय वगैरे काही नाही. पण बँकेची सवय, रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. आणि रकान्यांमुळेच एक गोष्ट दिसली, जी मला आधी उलटीच वाटत होती.

उंबरावरची वर्दळ काडीइतकी कमी झालेली नव्हती. फळं पिकली की हरियालांचा थवा येतोच, पानांत असा मिसळून बसतो की एक उडाला की मग पन्नास होते हे कळतं. तांबटाची टुकटुक आहे, बुलबुल आहेत, कोकिळा आहे, हळद्या येऊन जातो. नव्या संत्र्यांतही वटवट्या आणि शिंजीर असतात. मग गेलं कोण? जमिनीवर आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ज्यांचा संसार होता ते. पालापाचोळा उलटणारा नवरंग. टेकाडाच्या उतारावर दिवसभर मातीच्याच रंगाचा होऊन बसणारा आणि अंधार पडला की ‘चक-चक-चक’ करणारा रातवा. तो घरटं असं बांधतच नाही, पाचोळ्यावर दोन अंडी ठेवतो आणि स्वतःच त्यांच्यावरचं पान होऊन बसतो. मोहाच्या ढोलीतला पिंगळा गेला. बोराटीतले तित्तिर गेले.

बगिच्याची जमीन आम्ही स्वच्छ ठेवतो. डवरण, तणनाशक, फवारणी. संत्र्याच्या झाडाखाली एक पान पडलेलं दिसलं तर दादाला ते रोगाचं घर वाटतं, आणि त्याचं अगदीच चुकत नाही. पण पान नाही म्हणजे पानाखालचं गांडूळ नाही, वाळवी नाही, गोम नाही. वरून बघाल तर झाडं पूर्वीपेक्षा जास्त आहेत. उपग्रहातून काढलेल्या फोटोत आमचा पोटखराबा २०१३ नंतर उलट हिरवा झालेला दिसेल.

दादाशी यावर वाद होतात. त्याचा हुकमी पत्ता म्हणजे मोर. ‘पक्षी कमी झाले म्हणतेस, मग हे काय हाय? हरभऱ्याचा एक कोंब ठेवून नाही राहिले.’ मोर खरंच वाढलेत, आमच्याच नाही, सगळ्या शिवारात. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यातही तेच आहे. जवळजवळ तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतलाय. मोर, कोकिळा, पारवा यांचं बरं चाललंय. जे काहीही खातात आणि कुठंही राहतात त्यांना आपण माणसं मानवलो आहोत. आणि १७८ जाती अशा, की ज्यांच्याकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं. माळरानावरचे, एकाच तऱ्हेच्या जागेला चिकटून राहणारे, मोठ्या प्रमाणात त्यात आहेत.

म्हणजे दादा खोटं बोलत नाही. सकाळी उठल्यावर कलकल तेवढीच ऐकू येते. फक्त आमच्या बगिच्यात, कळमेश्वरच्या बसस्टँडवर आणि माझ्या नागपूरच्या कॉलनीत ती त्याच दहा-बारा जणांची असते. वहीची तीन पानं शेजारी ठेवली तर कुठलं पान कुठलं ते तारीख वाचून ठरवावं लागतं.

झाडं म्हणजे जंगल, ही समजूत माझ्याही डोक्यात पक्की होती. ती सागानं मोडली.

उमरेडकडे किंवा पेंचकडे जाताना रस्त्यालगत सागाचे पट्टे लागतात, रांगेत लावलेले. विदर्भात हा जुना उद्योग आहे. वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच. मिश्र जंगल काढून त्या जागी भाव मिळेल असा साग लावायचा, हे तेव्हाच्या विचाराला धरूनच होतं. मी ज्या काळी कर्ज मंजूर करत होते तोच विचार, क्षेत्र मोठं एवढंच. ऐन, धावडा, मोवई, तेंदू, चारोळी, बेहडा, बिबा ही सगळी सरमिसळ त्या हिशेबात पोटखराबा.

एका ऑगस्टमध्ये आम्ही काही मैत्रिणी अशाच एका पट्ट्यात आणि मग त्याला लागून असलेल्या मिश्र जंगलात फिरलो. सागात शिरलं की आधी पावसाचा आवाज बदलतो. ती सुपाएवढी पानं, त्यांवर थेंब ताशासारखे वाजतात, आणि पानावरून घरंगळलेला थेंब मूळ थेंबापेक्षा मोठा होऊन खाली आदळतो. जमिनीला त्यानं खड्डे पडतात. खाली झुडूप फारसं नव्हतंच. पण अगदी सुनसान होतं असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सागाची पानं अळ्यांनी खाऊन त्यांची चाळण केली होती, नुसत्या शिरा उरलेल्या, आणि त्या अळ्यांवर कोतवाल, निखार, सुभग तुटून पडले होते. अर्धा तास मेजवानी बघितली. मग चालत चालत मिश्र जंगलात गेलो आणि तिथं आवाजाला मजले होते. शेंड्यावर हळद्या, मधल्या फांद्यांत स्वर्गीय नर्तक, खोडावर सुतार, कमरेच्या उंचीवर सातभाईंची भांडणं, आणि पायाशी, कुठंतरी न दिसणाऱ्या जागी, ती दोन सुरांची शिट्टी.

सागाच्या पट्ट्यात एकच मजला होता. शिवाय त्या झाडांना ढोली नव्हती. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, पाणी मुरावं लागतं, वर्षानुवर्षं कुजावं लागतं. सागाची तोड त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. सुतार आणि तांबट स्वतः भोक पाडतात, पिंगळा आणि धनेश मात्र दुसऱ्यानं किंवा कुजण्यानं तयार केलेल्या घरात राहणारे भाडेकरू. झाडाचा भाव काढताना ढोलीचं लाकूड वजाच करतात. झाडाच्या सातबाऱ्यावर तो पोटखराबाच की.

राखी धनेश मी पहिल्यांदा नीट पाहिला तो जंगलात नाहीच, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये. एका जुन्या बंगल्याच्या आवारात कडुनिंबाचं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत न मावणारं, एक मोठी फांदी वठलेली, आणि तिच्या बेचक्यात ढोली. एप्रिलचा महिना, दुपारी दीड वाजता डांबर चपलेला चिकटण्याचे दिवस. डबा खाऊन मी गाडीतच बसायचे आणि काच अर्धी खाली करून बघायचे.

ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. मादी आत जाते आणि मुख्यतः आपल्याच विष्ठेनं तोंड बंद करत आणते, उरते ती एक उभी फट. अंडी घालायची, उबवायची, पिसं गाळायची, सगळं त्या अंधारात. बाहेरून नर येतो. तो आला की आधी समोरच्या अशोकावर थांबायचा, इकडे तिकडे बघायचा, मग फांदीवर यायचा. चोच रिकामीच दिसायची. मला वाटायचं, बिचारा हात हलवत आला. मग तो मान जराशी झटकायचा आणि चोचीच्या टोकाशी एक पिकलेलं वडाचं फळ हजर व्हायचं. फटीतून दुसरी चोच बाहेर यायची, टोकाला टोक लागायचं, फळ आत. पुन्हा झटका, दुसरं फळ. एका खेपेला मी चौदा मोजली. पंधराव्याला सरडा होता, बहुतेक पिल्लं फुटली असावीत. चौदा फळं घशात साठवून त्यानं कुठल्या वडावरून आणली असतील? जवळचा वड महाराजबागेकडे, नाहीतर सेमिनरी हिल्सवर. म्हणजे या एका ढोलीच्या संसाराला अर्धं जुनं नागपूर लागत होतं.

जूनच्या आधी शहरात फांद्यांची छाटणी होते. ती वठलेली फांदी धोक्याची होती आणि वादळात कुणाच्या डोक्यात पडली असती तर मीच आधी ओरडले असते. एका सोमवारी गेले तर फांदी नव्हती. पिल्लं आधी उडाली होती का, ते चौकीदारालाही सांगता आलं नाही. धनेश अजून तिकडे दिसतात, जोडीनं, ‘ची-ओऽऽ’ असं किंचाळत वडावरून वडावर जाताना. खायला आहे. घर कुठं केलंय, मला अजून सापडलेलं नाही.

धनेशाचा हिशेब मला आवडतो. त्याला शहर चालतं, गाड्या चालतात, माणसं चालतात. म्हातारी झाडं आणि वड-पिंपळ-उंबर एवढंच त्याचं मागणं. माणूस आला की पक्षी गेले, इतकं सरळ हे प्रकरण नाही. गोंदियाकडे सारस क्रौंच धानाच्या बांधीत घरटं करतात आणि शेतकरी ते राखतात. माणसानं जमीन कशी वापरली, त्यात मळलेलं, वठलेलं, गुंतलेलं किती शिल्लक ठेवलं, यावर सगळं येऊन थांबतं.

आता माझं घर. तेही सांगायलाच हवं. काटोल रोडला, गोरेवाड्याच्या पुढं, २००४ साली लेआउट पडला तेव्हा प्लॉट घेतला. आपल्याकडे लेआउट पडतो, पाऊस पडावा तसा. दलाल म्हणाला होता, ‘मॅडम, इथं आधी काहीच नव्हतं. पडीत होती.’ पहिली चार-पाच वर्षं समोरचे प्लॉट रिकामे होते आणि तिथं माळटिटवीची जोडी असायची, डोळ्याजवळ पिवळे गलोल, म्हणजे कातडीच्या पाळ्या, लोंबणारी. कुसळी गवत, मुरूम, आणि त्यात खड्यांसारखी अंडी. मी बँकेत जाताना गाडी वळसा घालून न्यायचे. मग तिथं बंगला झाला, पुढच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम. माळटिटवी गेली. तिची लाल गलोलवाली बहीण, साधी टिटवी, आली. तिनं शेजाऱ्यांच्या स्लॅबवरच्या रेतीत अंडी घातली आणि महिनाभर त्यांना गच्चीवर कपडे वाळत घालू दिले नाहीत. एकीला कोरडा माळच लागतो, दुसरीला गच्चीही चालते. ‘काहीच नव्हतं’ म्हणजे काय काय होतं, ते मला अशा हप्त्यांनी कळत गेलं.

लेआउटमधून नाला जातो. रेकॉर्डला तो पोटखराबा ब, दलालाच्या नकाशात ‘ओपन स्पेस’, आणि नंतर दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा शहरभरच्या लोकांना आपापले नाले आठवले. आमच्याही कॉलनीच्या ग्रुपवर पंधरा दिवस त्याचीच चर्चा होती. नाल्याकाठच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या खंड्याची आणि भारद्वाजाची आठवण कुणाला यायचं कारण नव्हतं.

विदर्भात या ‘काहीच नाही’ जागांना एक सरकारी नाव आहे, झुडपी जंगल. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींतून आलेलं. जंगल म्हणावं तर उंच झाडं नाहीत, शेत म्हणावं तर पीक नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी हजारो हेक्टर जमीन आहे. त्यातली ८६,४०९ हेक्टर सरकारनं वनव्यवस्थापनाला अयोग्य म्हणून बाजूला काढली होती. तिच्यावर कुठं शाळा झाली, कुठं स्मशान, कुठं वस्ती. ही जमीन जंगल आहे की नाही हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी जे वाटप झालं त्याला संरक्षणाची वाट ठेवली. निकाल देणाऱ्या पीठावर अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश होते, त्यांना हा शब्द कुणी समजावून सांगायची गरज पडली नसावी.

निकाल वाचून मला बरं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली. कारण एखादी जागा वन ठरली की आपल्याला तिथं झाडं लावायची हुक्की येते. २०१९ साली राज्यात तेहतीस कोटी झाडं लावायचा संकल्प होता, आठवत असेल. त्या सुमारास फेटरीच्या बाजूला मी ज्या उघड्या टेकाडावर जायचे, तिथं एका पावसाळ्यात ओळीनं खड्डे झाले. आम्हीही बँकेतून एका रविवारी टोप्या घालून गेलो होतो, फोटो आहेत. तिथं लाव्हे होते, खाटीक होता, चिरक होता, चातक सातभाईंच्या घरट्यांवर डोळा ठेवून असायचा. या मंडळींना उघडी जमीन आणि मधेमधे काटेरी झुडूप, असंच हवं असतं. ते काही अर्धवट राहून गेलेलं जंगल नव्हे. बरीच रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली आणि खड्ड्यांभोवतीच्या उकरलेल्या मातीत रायमुनिया, म्हणजे घाणेरी, माजली. बुलबुल तिची फळं खातात आणि आणखी पसरवतात. बुलबुल वाढले.

या पावसाळ्यात मी पुन्हा वावरात होते. पांदण आता रुंद झालीय, मुरूम पडलाय, बंडीच्या जागी मालवाहू टेम्पो थेट बगिच्यापर्यंत येतो आणि संत्रा लवकर मंडीत पोचतो. त्याबद्दल कुरकुर करायचा मला अधिकार नाही, खेडोपाडी चिखलात अडकलेल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. फक्त दोन्ही बाजूंची झाडी गेल्यामुळे सातभाईंची पंचाईत झालीय. पूर्वी ते या झुडपातून त्या झुडपात एका उडीत जायचे. आता मुरुमाच्या कडेला सगळे जमतात, एकमेकांना ढकलतात, मग एक जण जीव खाऊन पलीकडे उडतो आणि तिथून बाकीच्यांवर ओरडतो. मग दुसरा. मी गाडी बंद करून आठ जण पार होईस्तोवर थांबले.

दादाचं काम वेगळंच होतं. पोटखराबा लागवडीखाली आणला असेल तर नोंद बदलून घेता येते, मग त्यावरही कर्ज मिळतं, विमा मिळतो. तलाठ्याकडे द्यायचा अर्ज मी लिहावा, असं त्याचं म्हणणं. ‘तुलेच येते ते. अकरा आर अता लागवडीत हाय, लिहून टाक.’

‘अकरा नाही,’ मी म्हटलं. ‘दगडाचा कोपरा आहे ना.’

‘किती असन तो?’

संध्याकाळी फीत घेऊन आम्ही दोघं गेलो. आईच्या उंबराच्या पलीकडे तो न फुटलेला दगड, त्याच्या कुशीत बोराटीची तीन-चार झुडपं, बारा वर्षांत पुन्हा फुटलेला एक पळस, आणि खाली साचलेला पाचोळा. तिथं फवारणीचा पाइप पोचत नाही. दादानं फितीचं एक टोक धरलं, मी काट्यांतून दुसरं ओढत नेलं, साडी दोनदा अडकली. लांबी साडेबारा मीटर, रुंदी आठच्या आसपास. एक आर.

‘मंग दहा लिही,’ दादा म्हणाला. ‘हे राहू दे. कोन फोडते याले अता.’

फीत गुंडाळून झाली तरी आम्ही दगडावर बसून राहिलो. त्यानं खर्रा काढला, मी नाक मुरडलं. उंबरावर हरियाल उतरत होते, पांदणीकडून टेम्पोचा आवाज येत होता. पाचोळ्यात काहीतरी हललं तेव्हा दोघांनीही एकदम मान वळवली. सरडा होता. मी पर्समधून पेन्सिल काढून उताऱ्याच्या झेरॉक्सवर ०.११ खोडलं आणि तिथं ०.०१ लिहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.